कर्जत-खालापूरच्या वाड्या : क्षयरोग, व्यसन आणि लोकांचा सहभाग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडली जातात, तेवढ्या अवकाशात बटाटेवड्याचे पुडे डब्यात येतात आणि गाडी मार्गस्थ होते. पळसदरी मागे पडून एकामागून एक बोगदे येऊ लागले की लहान मुले खिडकीशी आनंदाने ओरडतात. हा मार्ग बांधताना किती माणसे रोगराईने मरण पावली, हा विचार त्या क्षणी प्रवाशाच्या मनात येत नाही, आणि तो यावा अशी अपेक्षाही नाही. परंतु सार्वजनिक आरोग्याचा विषय या परिसराच्या संदर्भात मांडावयाचा तर प्रारंभ तेथूनच करावा लागतो.

बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली पूर्ण झाले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि सह्याद्रीचा उभा कातळ. ऐन भरात एका वेळी सुमारे बेचाळीस हजार मजूर या कामावर होते. देशाच्या दूरदूरच्या भागांतून आलेली ही माणसे डोंगरउतारावर पानापाचोळ्याच्या खोपटांत राहत आणि हाताशी असेल त्या ओहोळाचे पाणी पीत. पटकीच्या साथी येत आणि हजारोंचे बळी घेऊन जात. पहिल्या ठेकेदाराने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज ठेकेदार येथे पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजारपणाने मरण पावला व पुढचे सारे काम त्याची पत्नी अॅलिस हिने निभावून नेले. ठेकेदारांची नावे इतिहासात राहिली. मजुरांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही.

त्याच सुमारास, १८५४ मध्ये, लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने पटकी दूषित पाण्यातून पसरते हे घरोघर फिरून, मृतांची नोंद नकाशावर मांडून दाखवून दिले होते. ते मान्य होण्यास बराच काळ जावा लागला. रोग दूषित हवेने होतो, हीच समजूत त्या काळी प्रबळ होती. घाटात साथ आली की मजूर काम टाकून निघून जात. साहेबांच्या लेखी हा बेजबाबदारपणा होता. वस्तुतः त्या परिस्थितीत दूषित पाण्यापासून दूर जाणे यापेक्षा शहाणपणाचा दुसरा उपाय उपलब्ध नव्हता. शहाणे कोण ठरले, याचा निवाडा श्रोत्यांनीच करावा.

दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. पटकी ओसरली. घाटाच्या पायथ्याशी आता द्रुतगती मार्ग आहे, खोपोलीचे कारखाने आहेत, कर्जतच्या आसपास शेतघरांच्या रांगा आहेत. तथापि रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत, ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना पायवाटेने चढूनच तेथे पोहोचावे लागले. त्या दिवसापर्यंत तेथील आजारी माणूसही त्याच पायवाटेने खाली आणला जात होता, ही गोष्ट वृत्तपत्रांतून फारशी आली नाही.

ठाकूर समाज बहुधा डोंगरउतारावर शेती करून राहणारा. ल. ना. चापेकर यांनी या समाजाचा सविस्तर अभ्यास करून १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कातकरी मात्र बहुतांशी भूमिहीन. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी, अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. जंगल गेले, तसा कातही गेला. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती शासनदरबारी अतिदुर्बळ म्हणून गणल्या जातात, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासोबत कातकऱ्यांचा समावेश आहे. पावसाळ्यात लावणीची मजुरी, खेकडे-मासळी व रानभाजी, आणि दिवाळी झाली की वीटभट्टी, असे त्यांचे वर्ष चालते. भट्टीमालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत आठवड्याच्या बाजाराला मिळणाऱ्या खर्चीवर कुटुंब जगते आणि पावसाच्या तोंडावर वाडीला परतते.

या जीवनक्रमाला सर्वाधिक चिकटणारा रोग म्हणजे क्षय. रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. रोग्याच्या खोकल्यातून जंतू हवेत जातो व कोंदट जागेत सोबत राहणाऱ्यांच्या श्वासातून त्यांच्या फुप्फुसात शिरतो. मात्र शिरलेला जंतू प्रत्येकाला आजारी पाडत नाही. बहुसंख्यांच्या शरीरात तो आयुष्यभर निद्रिस्त राहतो. शरीर खंगले, अन्न कमी पडले, दारू किंवा धूम्रपानाने फुप्फुसाची राखण ढिली झाली, की तो जागा होतो. म्हणूनच हा रोग एकाच वेळी जंतूचाही आहे आणि परिस्थितीचाही. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत.

या रोगाविषयी भारतात झालेले संशोधन जगाला मार्गदर्शक ठरलेले आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात एक साधा प्रश्न विचारला गेला : रुग्णालयात ठेवून, उत्तम आहार व विश्रांती देऊन औषध दिलेले रुग्ण आणि गरीब वस्तीतल्या आपल्या घरीच राहून तेच औषध घेणारे रुग्ण, यांच्या बरे होण्यात फरक पडतो काय? १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणीय फरक पडत नव्हता. घरच्या माणसांना अधिक लागण होते, असेही आढळले नाही. टेकड्यांवर उभ्या असलेल्या आरोग्यधामांची गरज त्या एका अभ्यासाने ओसरू लागली.

दुसरा अभ्यास मात्र विद्वज्जनांबाहेर फारसा ठाऊक नाही, आणि खरे तर तोच आजच्या विषयाचा गाभा आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत पाहणी केली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी सर्वत्र असा समज होता की, अडाणी खेडूत खोकल्याकडे दुर्लक्ष करतो, त्याला रोगाचे गांभीर्य कळत नाही, म्हणून त्याला आधी शिक्षण द्यावयास हवे. पाहणीत आढळले ते निराळेच. बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची पुरेपूर जाणीव होती, त्यांपैकी बहुसंख्य चिंतेतही होते, आणि जवळजवळ निम्मे रुग्ण स्वतःच्या पायांनी सरकारी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांच्या बेडक्याची तपासणी न करता खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठविण्यात आले होते.

अज्ञान कोणाचे होते? दुकानात गिऱ्हाईक येत नाही अशी तक्रार करणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी दाखवून द्यावे की गिऱ्हाईक रोज येते, परंतु त्याला हवा तो माल गल्ल्यावरच्या माणसाने फडताळातून काढून दाखविलाच नाही, तसा हा प्रकार होता. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची रचना याच विचारावर झाली : जो खोकत येतो, त्याला आधी तपासा. तत्त्व मान्य होऊन साठ वर्षे झाली, पण खोकल्याच्या बाटलीचे प्रस्थ अद्याप पुरते संपलेले नाही. सेवाभावी शिबिरांतूनही ती बाटली मोठ्या प्रेमाने वाटली जाते.

आता व्यसनाकडे वळावे लागेल. या विषयावर बोलताना सुखवस्तू माणसाची वाणी लगेच धार धरते, म्हणून थोडे जपून बोललेले बरे. तमिळनाडूत मृत्यूंच्या कारणांचा एक विशाल अभ्यास झाला, तो २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. मृत्यू पावलेले सुमारे त्रेचाळीस हजार पुरुष आणि तुलनेसाठी पस्तीस हजार जिवंत पुरुष, एवढा त्याचा आवाका. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले. क्षयाने दगावणाऱ्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांच्या मृत्यूला बिडी-सिगारेट कारणीभूत ठरते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. अतिमद्यपान करणाऱ्यांना क्षय होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, हेही अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहता स्पष्ट झाले आहे. शिवाय मद्य आणि क्षयाची औषधे दोन्ही यकृतावर भार टाकतात. त्यामुळे पिणाऱ्याला औषध सोसत नाही व तो ते अर्ध्यावर टाकतो. अर्धवट औषधातून जो जंतू उरतो, तो औषधाला दाद न देणारा असू शकतो.

स्त्रियांचे व्यसन मशेरीचे. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते आणि पुढे दिवसातून अनेकदा जाते. मुंबईतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत धूरविरहित तंबाखू, मुख्यत्वे मशेरी, वापरणाऱ्या मातांची अर्भके सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. भुकेची आच मशेरीने मंदावते, ही गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात मावत नाही. अकरा वाजता चूल पेटण्याजोगे घरात काही नसेल तर मशेरीला बोल लावणे सोपे असते.

दारूचा इतिहास येथे सरकारशी जोडलेला आहे. मोहफूल हे या डोंगरातील लोकांचे अन्नही होते आणि पेयही. मुंबई सरकारने १८७८ चा अबकारी कायदा केला. पुढे १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा साठा व व्यवहार यांवर नियंत्रण आणणारा स्वतंत्र कायदाही झाला. हेतू मद्यपान थांबविण्याचा नव्हता, तर मद्यावरील महसूल सुरक्षित करण्याचा होता. घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातली दारू कायदेशीर झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी पुढे सैल झाली. आज वाडीच्या कडेला जी गाळली जाते ती बहुधा मोहाची नसते, काळा गूळ आणि नवसागर यांची असते. भट्टीवरच्या बाजाराच्या दिवशी खर्चीचे पैसे हातात पडतात आणि विक्रेता तेथेच उभा असतो. दिवसभर चिखल तुडवून, विटा वाहून ज्याचे अंग ठेचल्यासारखे झाले आहे, त्याने संध्याकाळी काय करावे याचे उपदेशाव्यतिरिक्त उत्तर कोणी दिलेले नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. लोक दारूवर किती खर्च करतात हे मोजले, तो खर्च जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेहून अधिक आहे हे लोकांसमोरच मांडले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. संशोधनाचा आकडा ज्याच्याविषयी आहे त्यालाच तो प्रथम सांगणे, हा त्यातील खरा नवा भाग होता. बंदीने सर्व काही साधले असे नव्हे. २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम पुन्हा गावपातळीवरून राबवावा लागला. राज्यात इतरत्र गावातील स्त्रियांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ करून परवानाधारक दुकान बंद पाडण्याची सोय आहे. पण वाडीच्या मागे नाल्याकाठी गाळणाऱ्याला परवानाच नसतो. तेथे हे मतदान काय करणार?

लोकसहभागाचा शब्द आज प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असतो. त्याचा अर्थ ज्यांनी प्रत्यक्ष आचरून दाखविला, ते याच जिल्ह्यात होऊन गेले. डॉ. नोशिर अंतिया (१९२२–२००७) हे जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांच्या ध्यानी आले की, रोगी आपल्यापर्यंत येतो तोवर फार उशीर झालेला असतो. सत्तरच्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात, सुमारे तीस खेड्यांत, एक प्रयोग आरंभिला. गावातल्याच, बहुधा अल्पशिक्षित स्त्रियांना त्यांनी साधे वैद्यकीय ज्ञान दिले. पुरुष पदवीधर निवडावेत असे अनेकांना वाटत असताना या स्त्रिया निवडल्या गेल्या, आणि कुष्ठरोग व क्षयाचे रुग्ण ओळखण्यात त्या उत्तम ठरल्या. कारण उघड आहे. कोणाच्या घरात रात्रभर खोकल्याचा आवाज येतो, कोणाच्या अंगावरच्या चट्ट्याला चिमटा कळत नाही, हे शेजारणीइतके कोणाला कळणार? स्थानिक हितसंबंधीयांना हे रुचले नाही व प्रयोगाला विरोधही पत्करावा लागला. संस्थेचे पुढील काम पुणे जिल्ह्यातील परिंचे परिसरात झाले. १९८१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान व समाजविज्ञान संशोधन परिषदांच्या संयुक्त समितीने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा जो अहवाल दिला, त्या समितीत अंतिया होते. २००५ पासून गावोगावी ‘आशा’ कार्यकर्ती दिसते, तिच्या मागे अशा अनेक प्रयोगांची पुण्याई आहे. फरक एवढाच की मांडव्याच्या स्त्रीकडून रोग शोधण्याची अपेक्षा होती, आणि आजच्या आशेचा बराच वेळ नोंदवह्या भरण्यात जातो.

कर्जत तालुक्यात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालविल्या. आषाढ-श्रावणात घरातील दाणा संपतो. त्या वेळी सावकाराकडे न जाता बँकेतून धान्य उचलावयाचे आणि सुगीनंतर थोड्या वाढीने परत भरावयाचे, अशी ही व्यवस्था. व्यवहार वाडीचाच, पहारा वाडीचाच. याच संस्थेच्या सहकार्याने कातकरी वाड्यांखालच्या जमिनीच्या हक्काविषयी संशोधन झाले व २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आले. वाडीतल्याच लोकांनी आपल्या घरांचे नकाशे काढले, अर्ज लिहिले. पिढ्यान्पिढ्या जेथे राहत आहेत ती जागा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, म्हणून पक्के घर बांधता येत नाही. कारवीच्या कुडाच्या, खिडकी नसलेल्या झोपडीत सात माणसे निजतात. जमिनीचा प्रश्न आणि फुप्फुसाचा प्रश्न येथे एकाच भिंतीच्या आत आहे.

आणि अन्न? झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,८०० क्षयरुग्ण व त्यांच्या घरची १०,३४५ माणसे त्यात होती. काही कुटुंबांतील घरच्या माणसांनाही दरमहा तांदूळ-डाळ देण्यात आली. तशी मदत मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. औषध नव्हे, लस नव्हे, केवळ शिधा. शासन २०१८ पासून रुग्णाला औषधोपचाराच्या काळात दरमहा ५०० रुपये पोषणासाठी देत आले, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ या योजनेत संस्था वा व्यक्ती रुग्णाला दत्तक घेऊन अन्नाचा संच देऊ शकतात. रायगडमधील दानशूर मंडळींना हे दान करण्यास कोणतीही आडकाठी नाही. मात्र छायाचित्रापुरता एक संच देणे आणि सहा महिने देणे यांत अंतर आहे, आणि घरातील इतर माणसांचा शिधा विसरला तर झारखंडचा धडा वाया जातो.

आता कालगणनेचा एक साधा हिशेब. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. वीटभट्टीचा हंगामही जवळजवळ तेवढाच असतो. शहरातील संस्था आरोग्य शिबिरे कधी भरवितात? डिसेंबर-जानेवारीत. हवा छान, रस्ते कोरडे, डॉक्टरांना सवड. नेमक्या त्या दिवसांत कातकरी वाडी रिकामी असते. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. शिबिराला गर्दी होते ती सडकेलगतच्या गावांची. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तो त्या वेळी कल्याणच्या, पनवेलच्या किंवा आणखी दूरच्या भट्टीवर विटा थापीत असतो. तेथे त्याला ना आशा ओळखते, ना दवाखाना. तो खोकतो, आणि उचल फिटेपर्यंत खोकत राहतो.

उलट जूनमध्ये तो वाडीवर परततो. मृग बरसतो, पायवाटा निसरड्या होतात, घरातील दाणा संपत येतो, आणि शिबिर भरविण्याचा विचारही कोणी करीत नाही. परंतु बेडका तपासून जूनअखेर औषध सुरू झाले तर दिवाळीपर्यंत चार-साडेचार महिने पूर्ण होतात, तेही घरी, शेजारणीच्या नजरेसमोर, आणि धान्य बँकेच्या दाण्यावर. राहिलेल्या दीड-दोन महिन्यांसाठी तीन माणसांना एकमेकांशी बोलावे लागेल : वाडीची आशा, भट्टीजवळच्या उपकेंद्राची परिचारिका आणि मुकादम. रुग्णाची नोंद आता संगणकावर देशभर चालते, म्हणून औषध जेथे माणूस तेथे मिळू शकते. फक्त माणूस कोठे गेला हे कोणी तरी कळवावे लागते. दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक वाडीच्या फाट्यावर येतो, तेव्हा कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर चालले आहे हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते, कारण उचल त्याने दिलेली असते. ती वही पाहण्यासाठी आजवर आरोग्य खात्याचे कोणी त्या फाट्यावर उभे राहिल्याचे वाडीतील लोक सांगत नाहीत.